बिनखिळ्यांचं पायताण

सिस्टर पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा वर्गणी मागायला आल्या असतील असं वाटून मी गल्ल्यातनं वीस रुपये काढून ठेवले होते.

२०१६ चा गणपती. ४ सप्टेंबरला रोममध्ये मदर तेरेसांना संत म्हणून जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी आपली चतुर्थी. मांडवाच्या झालरी लावता लावता गल्लीतल्या पोरांनी टीव्हीवर ते बघितलं होतं. त्यामुळं तीन-चार दिवसांनी करड्या साडीतल्या, गळ्यात क्रूस घातलेल्या एक बाई केएमटीतनं उतरून सुभाषनगरातल्या आमच्या दुकानाकडं यायला लागल्या, तसा आमचा धाकटा ओरडला, "आबा, मदर तेरेसा आल्या!"

त्या हसल्या. म्हणाल्या, "त्यांचा संघ निळ्या काठाचा, बाळा. आमचा वेगळा."

बसल्या, पिशवीतनं घडी घातलेला खाकी कागद काढला आणि माझ्या पाटावर पसरला. पेन्सिलीनं काढलेले दोन पाय. तीस वर्षं मी लोकांच्या पावलांची मापं घेतोय, पण ते दोन पाय एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसेना. उजवा चांगला आठ नंबरचा. डावा आखूड, पुढं गोलसर, दोनच बोटं. अंगठ्याच्या बुडाशी लाल पेन्सिलीनं एक गोल.

"या पायांना चप्पल करून हवी आहे, दादा."

"अपघात काय?"

"नाही. कुष्ठरोग."

मी कागदावरचा हात काढून घेतला.

नुसता कागद होता हो. सिस्टरनी बघितलं, बोलल्या काहीच नाहीत. मला मात्र त्या रात्री आज्याची आठवण सोडेना. त्यानं केलेलं पायताण गावातले लोक मिरवत घालायचे, पण पैसे त्याच्या तळहातावर ठेवायचे नाहीत, वरनं टाकायचे. शाहू महाराज ज्या कोल्हापुरात गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा प्यायले, तिथनं आज्याचं गाव फार लांब नव्हतं. त्या आज्याचा नातू मी, आणि मी कागदाला शिवेना. वीस रुपये तसेच गल्ल्यावर पडलेले. चहा मात्र सांगितला होता आणि सिस्टर तो पिऊन गेल्या, एवढीच त्या दिवसाची जमेची बाजू.

त्यांच्या अटी ऐकून आधी मला हसू आलं होतं. खिळा नको. अंगठा, म्हणजे बोट अडकवायचा वळसा, नको. टाचेच्या मागनं पट्टा पाहिजे. खालचा तळ टायरसारखा कडक, आतला मऊ. आतल्या तळासाठी काळ्या, स्पंजासारख्या रबराचा ताव त्यांनीच आणला होता. एमसीआर म्हणतात त्याला, मायक्रोसेल्युलर रबर. "चिमटीत दाबून बघा. निम्मं दबलं पाहिजे आणि सोडल्याबरोबर वर आलं पाहिजे. दबून तसंच राहिलं तर ते आपल्या कामाचं नाही."

मी ऐटीत म्हटलं, "सिस्टर, कोल्हापुरी पायताणाला खिळा नसतोच."

आज्याच्या बाबतीत ते खरं होतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, शिवायला कातड्याचीच वादी, आरीनं भोक पाडून ओढायची. लोखंड औषधालाही सापडायचं नाही. माझं तसं राहिलं नव्हतं. सीझनला जोड पटापट सुटावेत म्हणून टाचेच्या थरात दोन-दोन बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, मारायची सवय लागली होती. दिसत नाहीत, गिऱ्हाईक विचारत नाही.

त्या जोडालाही मारल्या. पावसाळी हवेत सोल्यूशन वाळेना, टाचेचा थर सुटायला लागला, आणि बाहेरच्या बाजूनं दोन चुका ठोकल्या तर आतपर्यंत कशाला पोचतील, असा हिशेब केला. सिस्टरना सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी गुरुवारी त्या परत आल्या. बसल्या नाहीत. "दादा, जरा माझ्याबरोबर चला."

शेंडा पार्कातल्या कुष्ठरोग्यांच्या वस्तीबद्दल आम्ही लहानपणापासनं ऐकत आलेलो. पोरं ऐकत नसली की आई तिकडं सोडून येण्याची धमकी द्यायची. वस्तीत एका खोलीबाहेर बाकड्यावर पन्हाळ्याकडचे एक म्हातारे मामा बसले होते. खाकी कागदावरचे पाय त्यांचे. सिस्टरनी खाली बसकण मारली, डावा पाय मांडीवर घेतला, तळवा वर केला. टाचेत मधोमध काळा ठिपका आणि त्याच्याभोवती मऊ पडलेली पांढरट कातडी. ठिपका म्हणजे माझ्या चुकेचं टोक. रबर चालून चालून दबलं आणि चूक वर आली होती. मामा तिच्यावर दहा दिवस चालले होते. नळावर गेले, रेशनला गेले, एकदा बिंदू चौकापर्यंत जाऊन आले.

"काय झालंय काय?" मामांनी मलाच विचारलं. "मला त्या पायातलं काय बी कळत न्हाई बघा."

सिस्टरनी चिमटा माझ्या हातात दिला. "तुमचा खिळा आहे. तुम्ही काढा."

रागानं नाही म्हणाल्या. रापी द्या, आरी द्या, असं म्हणावं तसं. मी पाय धरला. गरम होता, कोरडा, पंचाएवढा खरखरीत. तोपर्यंत हात लावायला भीती वाटत होती ती कुठं गेली कळलं नाही, कारण चूक निघेना आणि माझं सगळं लक्ष तिच्यात. चपलेतनं निसटून तिचं टोक पायातच राहिलं होतं. मी चिमटा खुपसतोय, मला घाम फुटलाय, आणि मामा वर बसून निवांतपणे पन्हाळ्याच्या वाटेवर एकदा बिबट्या दिसला होता ते सांगतायत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

येताना बसमध्ये मी म्हटलं, या कामाचे पैसे नकोत. सिस्टर म्हणाल्या, "पैसे देणारच. पुढचा जोड नीट करा."

तेव्हापासनं दर गुरुवारी दुपारी दुकान थोरल्याकडं सोपवून मी जायला लागलो. सेवा म्हणून नाही. मला ते पाय समजत नव्हते आणि न समजलेल्या पायाला माप लागत नाही.

पहिली गोष्ट कळली ती अशी की मामांचा रोग कधीच बरा झाला होता. १९८० नंतर तीन औषधं एकत्र द्यायची पद्धत आली, एमडीटी. गोळ्यांची पाकिटं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. सहा महिने नाहीतर वर्ष, रोगाच्या प्रकाराप्रमाणं. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत लागण थांबते. मामांच्या अंगात जंतू नव्हता, होती ती मेलेली शीर. ती काही परत येत नाही. आपल्या चपलेत खडा गेला की आपण एका पावलात थांबतो. मामा थांबत नाहीत. बोटं झडून पडतात असं आपण म्हणतो ते खोटं आहे. खडा, चटका, फोड, पू, हाडापर्यंत जखम, असं करत करत वर्षानुवर्षांत हाड आखडत जातं.

मग रोजचं काम. बादलीत साध्या पाण्यात पाय वीस-पंचवीस मिनिटं. गरम पाणी अजिबात नाही, कारण भाजलेलं कळत नाही. मग वजरीनं घट्टे हलके घासायचे, जखमेच्या कडेचे आधी. घट्टा म्हणजे पायाखाली कायमचा ठेवलेला खडाच. ओल्या कातडीवरच खोबरेल चोळायचं म्हणजे आतलं पाणी आत राहतं. शेवटी आरसा घेऊन तळवा बघायचा. सिस्टर जखम नाण्यांत मोजायच्या. चार आण्याएवढी, आठ आण्याएवढी, रुपयाएवढी. चार आण्याचं नाणं २०११ लाच बंद झालं होतं, पण त्यांच्या पिशवीत एक होतं, त्यासाठीच ठेवलेलं. वहीत प्रत्येकाच्या नावावर दोन पाय काढलेले, लाल गोल, बाजूला तारीख आणि आणे. आमच्या उधारीच्या वहीपेक्षा ती जास्त काटेकोर.

मी एकदा विचारलं, "हे तुम्हाला चर्चमध्ये शिकवतात?"

"दवाखान्यात शिकले. मदर तेरेसांनी १९४८ मध्ये शाळेतलं शिकवणं सोडलं, आधीचा संघ सोडला, तरी लगेच वस्तीत गेल्या नाहीत. आधी पाटण्याला जाऊन मलमपट्टी, इंजेक्शन, बाळंतपण शिकून आल्या. नुसती दया घेऊन गेलं की आपण लोकांच्या पायात खिळे मारतो."

हे माझ्याकडं बघून म्हणाल्या नाहीत, एवढं खरं.

सिस्टर वसईच्या. वडिलांची केळीची वाडी. सुट्टीवरनं आल्या की केळीच्या पानात बांधलेली सुकेळी आणायच्या, आमच्या हिच्या हातात द्यायच्या, "वहिनी, मुलांना." एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं. आधी नुसतं राहून बघायचं. मग दोन वर्षं नोव्हिशिएट, म्हणजे उमेदवारी, झाडलोट, प्रार्थना, गप्प बसायला शिकणं. मग पहिली व्रतं, गरिबी, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. ती दर वर्षी नवी करायची आणि सहा वर्षांनी कायमची. मला हे आवडलं. आमच्यात पोरगं पहिलं वर्षभर वादी भिजवतं आणि पाणी भरतं, रापी हातात कोण देतो? नोव्हिशिएटमधनं केव्हाही घरी जाता यायचं, त्यांच्याबरोबरच्या दोघी गेल्याही. "तुम्हाला नाही वाटलं जावं?" असं विचारल्यावर म्हणाल्या, "वाटलं की. पहाटे पाचला उठायचा कंटाळा यायचा." मी काहीतरी मोठं उत्तर येईल म्हणून थांबलो होतो.

गल्लीत बोलणं व्हायचंच. "बाटवायला आल्यात, बघ एक दिवस तुझ्या गळ्यात बी घालतील." मी तेच सिस्टरना तोंडावर विचारलं. त्या म्हणाल्या, "मी येशूसाठी आलेय हे खरंच आहे, ते कशाला लपवू? मामांच्या पायाला त्याचं काय?" चैत्रात मामांनी जोतिबाला जायचा हट्ट धरला. नवस होता म्हणे. मला वाटलं सिस्टर नको म्हणणार. त्यांनी वही काढली आणि हिशेब घातला: पायऱ्यांपर्यंत गाडीनं, दर पंचवीस पायऱ्यांना बसायचं, वर पोचल्यावर दर्शनाच्या आधी तळवे बघायचे, लाल दिसलं तर उतरायचं वाहनानं. मामा गुलाल माखून आले. पाय बघायच्या आधी सिस्टरनी स्वतःच्या साडीवर पडलेला गुलाल झटकला आणि मग भिंग मागितलं. जखम नव्हती.

आता चपलेचं. बिनखिळ्याचा दुसरा जोड चांगला झाला, पण मामा तो घालेनात. खाटेखाली ठेवून अनवाणी फिरायचे. सिस्टर चिडल्या तेवढ्या एकदाच बघितल्या. शेवटी मामा माझ्याशी एकट्याशी बोलले. "काळं रबर आन् ते मागचं पट्टं बघितलं की लोक लांबनंच वळखत्यात. हाटेलात कप वायला येतो. तुमचं ते जोड घालायचं म्हंजे कपाळावर लिवून फिरायचं."

ते मला सिस्टरांपेक्षा लवकर कळलं. कपाळावर लिहिलेलं आम्हाला वाचता येतं.

मग तीन महिने मी त्या एका चपलेच्या मागं लागलो. वरनं पायताण दिसलं पाहिजे, आतनं रबर. आमचं कमावलेलं कातडं सुरुवातीला लाकडासारखं कडक, नवं पायताण चांगल्या पायालाही चावतं. इथं चावलेलं कळणारच नाही. म्हणून पट्ट्याला जुनं, तेल पाजून मऊ केलेलं कातडं घेतलं आणि आतनं मेंढीच्या कातड्याचं अस्तर दिलं. पट्ट्याची टोकं दोन तळांच्या मध्ये दाबून चिकटवली, म्हणजे आत शिवणीची गाठ नको. अंगठा काढला की कोल्हापुरी ओळखू येत नाही, तर अंगठ्याच्या जागी नुसता दिसण्यापुरता कातड्याचा वळसा घेतला, बोटाला न लागणारा. त्यावर वेणी आणि छोटा गोंडा. मागचा पट्टा तळाच्याच रंगाचा, बारीक. बक्कल नाही, कारण मामांची बोटं आत वळलेली. तिथं वेल्क्रो, वेणीखाली झाकलेलं. चार जोड फुकट गेले. एकात रबर बिघडलं, एकात पट्टा घासून लाली आली. नवा जोड पहिल्या दिवशी दोनच तास घालायचा आणि काढून तळवा, पाठ, बोटांच्या फटी बघायच्या, हा नियम तिथंच कळला. हल्ली मी तो चांगल्या पायाच्या गिऱ्हाइकालाही सांगतो. हसतात.

पाचवा जोड घालून मामा एकटेच महाद्वार रोडला जाऊन आले. काही म्हणाले नाहीत. पायात बघितलं आणि "कर्र वाजत न्हाई हे," एवढीच तक्रार केली. खरंय, रबराच्या तळाला आवाज नसतो.

वेणीचं काम पुढं वस्तीतल्या एका आक्कांना दिलं. त्यांचे हात शाबूत होते, आरी धरायची नव्हती, नुसत्या वाद्या गुंफायच्या. ही कल्पना सिस्टरांची. कोलकात्याजवळ टिटागढला मदर तेरेसांच्या संघाचं केंद्र आहे. तिथं कुष्ठरोगातनं उठलेली माणसं हातमागावर त्या निळ्या काठाच्या साड्या विणतात आणि त्यांच्या सिस्टर त्याच नेसतात. आक्कांना हे सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "मजुरी किती देत्यात?" सिस्टरना ठाऊक नव्हतं. मी वेणीमागं पंधरा रुपये ठरवले, आक्कांनी वीसवर आणले.

मी हे सगळं फुकट केलं असं कुणी समजू नये. जोडाला साडेतीनशे घेत होतो, बाहेर तसल्या कामाला हजार पडले असते. सिस्टर दर वेळी घासाघीस करायच्या आणि पावती मागायच्या. बसच्या तिकिटाचे पैसेसुद्धा वहीत. त्यांना स्वतःचा म्हणून रुपया नव्हता. त्यांच्या पायातली चप्पल दोनदा मीच शिवली, तिसऱ्यांदा शिवायला जागाच उरली नाही, तेव्हा मी गुपचूप त्यांच्या मापाचा एक कापशी, म्हणजे कोल्हापुरीतल्याच एका प्रकारचा, जोड केला. त्यांनी हातात घेतला, शिवण बघितली, उलटा करून टाच बघितली, चुका नाहीत ना ते. मग म्हणाल्या, "मदर सुपिरियरना विचारावं लागेल." पुढच्या गुरुवारी जुनीच चप्पल. त्यांच्याकडं एक म्हाताऱ्या सिस्टर होत्या, त्यांच्या पायाला तो जोड बसला होता. मला राग आला होता. अजून थोडा आहे.

करोनात सात महिने काही जमलं नाही. ताव संपला, बसा बंद. सिस्टर फोनवर एकेकाला तळवे बघायला लावत होत्या आणि आक्का सगळ्यांचे आणे मोजून कळवत होत्या.

२०२२ च्या मे महिन्यात त्यांची बदली झाली. वरनं पत्र येतं आणि जायचं, आज्ञापालन म्हणजे तेच. मराठवाड्यात कुठंतरी, आजारी म्हाताऱ्यांचं घर. एक पिशवी होती. ती न्यायला मी स्टँडवर गेलो, तर पिशवी त्यांनी मला दिली नाही, वही दिली. नवीन येणाऱ्या सिस्टरना द्या म्हणाल्या. नवीन सिस्टर आल्या, कामसू आहेत, पण त्यांनी झेरॉक्स काढून मूळ वही माझ्याकडंच ठेवली.

आता माझ्याकडं तसले जोड मागायला जास्त करून साखरेचे पेशंट येतात. त्यांच्याही पायांना कळत नाही. रिटायर झालेले मास्तर, बँकेतले साहेब. कागदावर पाय ठेवा म्हटलं की ठेवतात, लाल पेन्सिल घेतली की विचारतात, हे कशाला. गेल्या वर्षी माझीही साखर निघाली. रात्री ही आरसा धरते.

परवा रात्री सिस्टरांचा फोन आला. कसे आहात वगैरे नाही.

"मामांचा डावा?"

"टाच चांगली आहे. अंगठ्याच्या बुडाशी परत आलंय."

"किती?"

"आठ आणे."

"गुरुवारी किती होतं?"

"चार."

"मग चालणं बंद. रेशन आक्का आणतील. रबर बदला तिथलं, दबलं असेल. चिमटीत बघितलंत?"

"बघितलं नाही."

"मग फोन काय करताय, बघा आधी."

फोन त्यांनीच केला होता, हे मी म्हणेपर्यंत कट झाला होता.